टॅब बदलून परत आल्यावर स्लायडर पळतो, कोरा होतो किंवा अडकतो: कारणे आणि दुरुस्ती

एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या संकेतस्थळाची देखभाल माझ्याकडे आहे. त्याच्या पहिल्या पानावर दोन सरकत्या गोष्टी आहेत. वर नव्याने आलेल्या सात पुस्तकांचा स्लायडर आहे, जो दर पाच सेकंदांनी एक पुस्तक पुढे सरकतो, आणि त्याखाली सूचनांची अखंड वाहणारी पट्टी आहे. देवघेव विभागातून माझ्याकडे एकच तक्रार पुनःपुन्हा येत होती: सकाळी पान उघडले की सारे नीट चालते, पण दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर पाहावे तर पुस्तके सर्रकन निघून जातात आणि मागे पांढरी जागा उरते. मी तीन वेळा दुरुस्ती केली आणि तीनही वेळा ती तक्रार काही दिवसांनी परत आली.

माझ्या यंत्रावर हा दोष कधीच दिसत नव्हता, याचे कारण उशिरा लक्षात आले. स्लायडर तपासताना मी त्याच्याकडे पाहत बसलेला असे. ग्रंथालयातले कर्मचारी मात्र दिवसभर पुस्तकसूचीच्या टॅबमध्ये काम करतात आणि अधूनमधून संकेतस्थळाच्या टॅबवर येतात. त्यामुळे तपासणीची पहिली पायरी अशी ठरवावी: पान उघडावे, दुसऱ्या टॅबवर जावे, निदान दहा मिनिटे तिकडेच राहावे आणि मग परत यावे. शिवाय स्लायडरचे प्रत्येक पाऊल पडताना चालू स्लाइडचा क्रमांक आणि त्या क्षणाची वेळ ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (कोडचे संदेश दाखवणाऱ्या खिडकीत) छापावी. माझ्याकडे क्रमांक ६५ दिसला, आणि स्लाइड होत्या सात. तिथून पुढचा शोध सोपा झाला.

पडद्याआड काय घडते

टॅब नजरेआड गेला की ब्राउझर त्याच्यावरचा खर्च कमी करतो, पण सगळ्या गोष्टी सारख्या प्रमाणात थांबवत नाही. ‘रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम’ला, म्हणजे पडदा दर वेळी नव्याने रंगवण्याआधी काम करणाऱ्या सोयीला, दिलेले काम पूर्ण थांबते, कारण रंगवायला पडदाच नसतो. ‘सेट-इंटरव्हल’ (ठरावीक वेळाने पुनःपुन्हा वाजणारा) आणि ‘सेट-टाइमआउट’ (एकदाच वाजणारा) हे टायमर मात्र चालू राहतात. फक्त त्यांना सेकंदाला एकदाच वाजण्याची मुभा मिळते, आणि पाच सेकंदांच्या टायमरला त्याचा काहीच अडसर होत नाही. क्रोमच्या ८८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, टॅब पाच मिनिटांहून अधिक काळ लपलेला असेल आणि त्यात आवाज वगैरे चालू नसेल, तर हे टायमर मिनिटाला एकदाच जागे होतात. दहा मिनिटांच्या अनुपस्थितीत पहिल्या पाच मिनिटांत साठ पावले आणि पुढच्या पाच मिनिटांत आणखी चारपाच पावले पडतात, हा हिशेब ६५ शी तंतोतंत जुळला.

आता अखंड फिरणाऱ्या स्लायडरची नेहमीची रचना आठवून पाहा. पहिल्या स्लाइडची एक नक्कल शेवटी आणि शेवटच्या स्लाइडची एक नक्कल सुरुवातीला जोडलेली असते, म्हणजे सात पुस्तकांसाठी ० ते ८ असे नऊ क्रमांक होतात. क्रमांक ८ वर पोहोचल्यावर ट्रान्झिशन (एका जागेवरून दुसरीकडे होणारी हळुवार हालचाल) संपल्याची ‘ट्रान्झिशन-एंड’ ही घटना येते, तेव्हा आपण सगळ्या स्लाइडांचा पट्टा कोणालाही न दिसता क्रमांक १ वर आणून ठेवतो. लपलेल्या टॅबमध्ये रंगवण्याचे कामच होत नसल्याने ही घटना येत नाही. टायमर क्रमांक वाढवत राहतो आणि क्रमांक मागे आणणारे कोणी उरत नाही. परत आल्यावर ब्राउझर पट्ट्याला जुन्या जागेवरून थेट पासष्टाव्या जागेकडे ६०० मिलिसेकंदांत नेतो, म्हणून पुस्तके सर्रकन पळाल्यासारखी दिसतात, आणि आठच्या पुढे काहीच नसल्यामुळे पांढरी जागा उरते. त्यानंतर ‘ट्रान्झिशन-एंड’ येतेही, पण माझ्या कोडमध्ये ‘क्रमांक बरोबर आठ असेल तर’ अशी अट होती. पासष्ट म्हणजे आठ नव्हे, त्यामुळे सुटका नव्हती.

माझी पहिली दुरुस्ती ही अट ‘आठ किंवा त्याहून अधिक’ अशी बदलण्याची होती. त्याने पांढरी जागा क्षणभरच दिसू लागली, पण पळणे थांबले नाही. दोन ठिकाणी दोन वेगळी घड्याळे चालत होती, एक टायमरचे आणि एक पडद्याचे, आणि ती नेहमी एकमेकांच्या बरोबरीने चालतील असे मी गृहीत धरले होते. या लेखातले जवळजवळ सगळे दोष याच एका गृहीतकातून निघाले आहेत.

जुन्या जेक्वेरीवर (जावास्क्रिप्टच्या एका तयार कोडसंग्रहावर) चालणारे स्लायडर अजून पुष्कळ संकेतस्थळांवर आहेत, म्हणून एक संदर्भ नोंदवतो. जेक्वेरीच्या १.६ आवृत्तीत ॲनिमेशनसाठी ‘रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम’ वापरायला सुरुवात झाली होती. लपलेल्या टॅबमध्ये टायमर ॲनिमेशन रांगेत घालत राहायचा, ती रांग तुंबायची आणि परत आल्यावर सगळी ॲनिमेशन एकामागून एक धडाधड चालायची. म्हणून १.६.३ मध्ये तो बदल मागे घेण्यात आला आणि पुढे २०१६ च्या ३.० आवृत्तीत पुन्हा आणला गेला. जुना स्लायडर तसाच ठेवून फक्त जेक्वेरी अद्ययावत केल्यावर तो पळू लागला असेल, तर हे कारण आधी तपासावे.

दुसरा दोष: दोन टायमर

दुसऱ्या दुरुस्तीत मी टॅब लपला की टायमर थांबवायचा आणि दिसला की सुरू करायचा, असे ‘व्हिजिबिलिटी-चेंज’ या घटनेवर लिहिले. विचार बरोबर होता, पण माउस स्लायडरवर आला की थांबणे आणि बाहेर गेला की सुरू होणे हे आधीपासून होतेच. आता सुरू करणारे दोघे झाले. टॅबवर परत येताना एकाने टायमर सुरू केला, लगेच माउस स्लायडरवरून बाहेर गेला आणि दुसऱ्याने आणखी एक सुरू केला. टायमरचा क्रमांक ज्या चलात (व्हेरिएबलमध्ये) ठेवला होता त्यात नवा क्रमांक बसला आणि जुना हरवला. ज्याचा क्रमांक आपल्याकडे नाही तो टायमर ‘क्लिअर-इंटरव्हल’ने बंद करता येत नाही, पान बंद होईपर्यंत तो चालतच राहतो.

हा दोष ओळखण्याची खूण अशी की स्लायडर नुसता वेगवान होत नाही, तर त्याची पावले अनियमित पडतात. पाच सेकंदांऐवजी दोन सेकंदांनी, मग तीन सेकंदांनी, पुन्हा दोन सेकंदांनी असा ठेका ऐकू आल्यासारखा दिसला, तर दोन टायमर एकमेकांत मिसळले आहेत असे खुशाल समजावे. वेग एकसारखा वाढला असेल तर कारण वेगळे आहे.

सुरू करणाऱ्या फंक्शनने आधी जुना टायमर बंद करून मगच नवा लावावा, ही किमान काळजी झाली. तेवढ्याने टायमर दोन होणार नाहीत, परंतु वाचकाने ‘थांबवा’ हे बटण दाबलेले असताना माउस बाहेर गेला तर स्लायडर पुन्हा चालू होईल, आणि हे वाचकाच्या इच्छेविरुद्ध आहे. म्हणून मी ‘चालू आहे की थांबला आहे’ अशी एकच खूण ठेवणे सोडून दिले. त्याऐवजी थांबण्याच्या कारणांचा एक संच ठेवला. माउस वर आहे, कीबोर्डचा फोकस (कीबोर्डने निवडलेली जागा) आत आहे, टॅब लपलेला आहे, वाचकाने बटण दाबले आहे: प्रत्येक घटना फक्त आपले कारण संचात घालते किंवा काढते. टायमर लावायचा की नाही हे एकच फंक्शन ठरवते, आणि त्याचा नियम इतकाच की संच रिकामा असेल तरच स्लायडर चालेल. या बदलाने कोडच्या काही ओळी वाढल्या, पण तक्रारींचा एक संपूर्ण वर्ग नाहीसा झाला. स्लायडर लिहिताना यातली एकच गोष्ट उचलायची असेल तर हीच उचलावी, असे माझे ठाम मत आहे.

त्याच वेळी ‘सेट-इंटरव्हल’ काढून टाकले. आता एक पाऊल पूर्ण झाल्यावरच पुढच्या पावलासाठी ‘सेट-टाइमआउट’ लावला जातो. पाऊल पूर्ण झाले नाही तर पुढचे लागतच नाही, त्यामुळे दोन घड्याळे एकमेकांपासून सुटण्याची शक्यता राहत नाही.

तिसरा दोष: एकाच संगणकावर अडकणारा स्लायडर

पाऊल पूर्ण झाल्याची वाट पाहणे म्हणजे ‘ट्रान्झिशन-एंड’वर विसंबणे, आणि ही घटना वाटते तितकी भरवशाची नाही. ग्रंथालयातल्या एका जुन्या संगणकावर स्लायडर एकदा पुढे सरकला आणि कायमचा थांबला. त्या संगणकाचा वेग वाढावा म्हणून कोणीतरी विंडोजच्या सेटिंगमध्ये ॲनिमेशन बंद केली होती. ब्राउझर ही निवड ‘प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ या माध्यम-प्रश्नातून (उपकरण वा निवड तपासणाऱ्या अटीतून) पानाला कळवतो, आणि मी सीएसएसमध्ये (पानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांत) अशा वेळी ट्रान्झिशन काढून टाकण्याचा नियम लिहिला होता. ट्रान्झिशन नाही, म्हणून ते संपल्याची घटना नाही, आणि ती घटना नाही म्हणून पुढचे पाऊल नाही. स्लायडर चालू असताना त्याचा एखादा पालक घटक ‘डिस्प्ले-नन’ (पूर्ण अदृश्य) झाला किंवा जागा आधीच तीच असली, तरीही असेच होते.

याच्या उलटही घडते. ‘ट्रान्झिशन-एंड’ ही घटना आतल्या घटकांकडून वर चढत येते. स्लाइडमधल्या ‘अधिक वाचा’ बटणाचा रंग माउस नेल्यावर हळूहळू बदलत असेल, तर त्या रंगबदलाची समाप्तीही पट्ट्यावर लावलेल्या फंक्शनला ऐकू येते आणि पट्टा मध्येच उडी मारतो. म्हणून घटना पट्ट्याचीच आहे का आणि बदललेला गुणधर्म ‘ट्रान्सफॉर्म’च (पट्टा सरकवणारा) आहे का, या दोन अटी फंक्शनच्या सुरुवातीलाच तपासाव्यात. शिवाय ६०० मिलिसेकंदांच्या ट्रान्झिशनसाठी ७०० मिलिसेकंदांचा एक राखीव टायमर लावावा. घटना आली तर तो रद्द होईल, न आली तर तोच पाऊल पूर्ण झाल्याचे जाहीर करील.

नकलेवरून मूळ स्लाइडवर गुपचूप येताना उडी दिसत असेल, तर ट्रान्झिशन बंद करणे, जागा बदलणे आणि ट्रान्झिशन पुन्हा चालू करणे ही तीन कामे ब्राउझरने एकत्र केली आहेत. जागा बदलल्यावर पट्ट्याची ‘ऑफसेट-विड्थ’, म्हणजे रुंदी, एकदा वाचावी. ती वाचण्यासाठी ब्राउझरला मांडणी करावीच लागते आणि मग तिन्ही कामे क्रमाने होतात. स्लायडर ‘ट्रान्सफॉर्म’ऐवजी ‘स्क्रोल-लेफ्ट’ने (चौकट आडवी स्क्रोल करून) चालत असेल, तर सीएसएसमधला ‘स्क्रोल-बिहेव्हियर: स्मूद’ हा नियम ही गुपचूप उडीसुद्धा हळुवार करतो आणि सगळी पुस्तके उलट दिशेने धावताना दिसतात, तिथे ‘इन्स्टंट’ असे स्पष्ट सांगावे लागते.

नकलांविषयी आणखी एक गोष्ट फार थोडे लोक तपासतात. नकलेतल्या दुव्यांवर टॅब कळीने फोकस जाऊ शकतो. फोकस गेला की तो दुवा दिसावा म्हणून ब्राउझर पट्ट्याबाहेरची चौकट स्वतःहून सरकवतो, मग तिला ‘ओव्हरफ्लो-हिडन’ (बाहेर जाणारा भाग लपवणारा नियम) असले तरीही. पुढे स्लायडर कितीही फिरला तरी प्रत्येक पुस्तक अर्धे कापलेले दिसते आणि कोडमध्ये चूक सापडत नाही, कारण ‘ट्रान्सफॉर्म’ अगदी बरोबर असतो. नकलांना ‘इनर्ट’ हा गुणधर्म द्यावा म्हणजे फोकस आणि पडदावाचक (अंधांसाठी पान वाचून दाखवणारी प्रणाली) दोघेही त्यांना वगळतील. मूळ स्लाइडपैकी ज्या त्या क्षणी चौकटीबाहेर आहेत, त्यांनाही तेच लागू करावे.

खालची पट्टी

सूचनांच्या पट्टीचा दोष निराळा होता: प्रत्येक फेरीच्या शेवटी एक बारीक झटका. पूर्वी हे काम ‘मार्की’ या टॅगने व्हायचे. तो आता कालबाह्य ठरवलेला आहे, म्हणून सूचनांची यादी दोनदा मांडून ती सीएसएस ॲनिमेशनने स्वतःच्या रुंदीच्या उणे ५० टक्के सरकवण्याची पद्धत मी वापरली. पट्ट्याला ‘मॅक्स-कंटेंट’ (मजकुराइतकी) रुंदी दिलेली नसेल तर हे ५० टक्के मजकुराचे न होता चौकटीचे होतात, ती पहिली चूक मी केलेली नव्हती. दुसरी केली होती. सूचनांमध्ये ‘गॅप’ने ३२ पिक्सेलचे अंतर ठेवले होते. ‘गॅप’ दोन घटकांच्या मध्ये येतो, शेवटच्या घटकानंतर येत नाही. म्हणून दोन प्रतींच्या एकूण रुंदीत एक अंतर कमी पडते आणि अर्ध्यावर सरकवताना १६ पिक्सेलचा फरक राहतो. ‘गॅप’ काढून प्रत्येक सूचनेला, शेवटच्या सूचनेलाही, उजवीकडे ३२ पिक्सेलचा मार्जिन दिला आणि झटका गेला.

पट्टीचा वेगही कुरकुरीचा विषय होता. चार सूचना असताना ती निवांत वाचता येत असे. वार्षिक सभेच्या सुमारास सूचना बारा झाल्या आणि कोणाला काही वाचता येईना. ॲनिमेशनला ठरावीक २० सेकंद दिले की मजकूर तिप्पट झाल्यावर वेगही तिप्पट होतो. वेळ न ठरवता वेग ठरवावा. एका प्रतीची रुंदी मोजावी आणि तिला सेकंदाला ६० पिक्सेल अशा वेगाने भागावे. २४०० पिक्सेलच्या मजकुराला ४० सेकंद मिळतील.

इथे देवनागरीचा खास प्रश्न येतो. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांसारखा फाँट वेबवरून उतरत असताना ब्राउझर मजकूर आधी संगणकातल्या दुसऱ्या फाँटमध्ये दाखवू शकतो, आणि त्या फाँटमध्ये जोडाक्षरांची रुंदी वेगळी असते. त्या वेळी मोजलेली रुंदी पुढे चुकीची ठरते. म्हणून ‘डॉक्युमेंट-फाँट्स-रेडी’ पूर्ण झाल्यावरच मोजणी करावी, आणि चौकटीची रुंदी बदलल्यास ‘रिसाइझ-ऑब्झर्व्हर’ने ती पुन्हा करावी. पट्टीची उंची ठरवतानाही इंग्रजी नमुन्यांमधली घट्ट ओळउंची तशीच उचलू नये. ‘कर्तृत्व’, ‘वाङ्मयीन’, ‘सर्वांनी’ अशा शब्दांतले रफार, अनुस्वार आणि खालचे ऋकार ‘ओव्हरफ्लो-हिडन’खाली कापले जातात. मी १.२ ऐवजी १.६ ओळउंची ठेवतो आणि वर-खाली थोडे पॅडिंग देतो. आपल्या लिपीतला मजकूर कापलेला दिसणे मला मनापासून खटकते.

सीएसएसऐवजी जावास्क्रिप्टने दर फ्रेमला (पडदा दर वेळी नव्याने रंगवताना) ‘स्क्रोल-लेफ्ट’ वाढवणाऱ्यांसाठी दोन सूचना आहेत. साध्या पडद्यावर ०.४ पिक्सेल वाढवून लिहिलेली किंमत पूर्ण पिक्सेलवर बसवली जाते, परत वाचताना जुनीच मिळते आणि पट्टी जागची हलत नाही. म्हणून अपूर्णांक आपल्या चलात साठवावा. तसेच दर फ्रेमला एक पिक्सेल असा हिशेब ठेवला तर ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा रंगणाऱ्या) पडद्यावरची पट्टी १२० हर्ट्झच्या पडद्यावर दुप्पट वेगाने धावते. मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला त्यावरून अंतर काढावे. मात्र टॅब दहा मिनिटे लपलेला असेल तर तो वेळ ६०० सेकंद भरतो आणि पट्टी एकदम ३६,००० पिक्सेल पुढे जाते. एका फ्रेमचा वेळ जास्तीत जास्त ५० मिलिसेकंद मानावा.

मोबाइलवरच्या दोन तक्रारी

पान खाली वाचत असताना दर पाच सेकंदांनी ते आपोआप वर जाते, ही तक्रार मला एका वयस्कर वाचकाकडून आली. कारण ‘स्क्रोल-इन्टू-व्ह्यू’ हे होते, जे मी मोबाइलच्या आवृत्तीत पुढची स्लाइड आणण्यासाठी वापरले होते. ते स्लाइडला नुसते चौकटीत आणत नाही, तर ती दिसेपर्यंत संपूर्ण पान सरकवते. चौकटीवरच ‘स्क्रोल-टू’ वापरल्यावर पान आपल्या जागी राहिले.

दुसरी तक्रार अशी की स्लायडरला एकदा बोट लागले की तो पुन्हा चालत नाही. स्पर्शाच्या पडद्यावर टॅप केल्यानंतर ‘होव्हर’ (माउस वर असल्याची) ही स्थिती दुसरीकडे टॅप होईपर्यंत चिकटून राहते. त्यामुळे माउसवर आधारलेले थांबणे फक्त ‘होव्हर: होव्हर’ या माध्यम-प्रश्नात बसणाऱ्या उपकरणांनाच लावावे.

‘थांबवा’ या बटणाविषयी मी आधी उदासीन होतो; माउस नेल्यावर थांबते तेवढे पुरे, असे वाटायचे. परंतु वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांतला २.२.२ हा निकष अगदी प्राथमिक पातळीचा आहे. आपोआप सुरू होणारी, पाच सेकंदांहून अधिक चालणारी आणि इतर मजकुरासोबत दिसणारी हालचाल थांबवण्याची सोय असावी, असे तो सांगतो. मोबाइलवर आणि फक्त कीबोर्ड वापरणाऱ्यांकडे माउस नसतो, म्हणून खरे बटणच लागते. ॲनिमेशन कमी करण्याची निवड ज्यांनी केली आहे, त्यांच्यासाठी आता स्लायडर सुरुवातीपासूनच थांबलेला असतो. ती निवड म्हणजे थांबण्याच्या कारणांच्या संचातले आणखी एक कारण, त्यामुळे त्यासाठी वेगळा कोड लिहावा लागला नाही.

दुरुस्ती झाल्यावर मी या क्रमाने तपासणी केली: टॅब दहा मिनिटे लपवून परत येणे, वीस वेळा भराभर टॅब बदलणे, ‘थांबवा’ दाबून माउस आत-बाहेर नेणे, विंडोजची ॲनिमेशन बंद करून पान उघडणे, फक्त टॅब कळीने शेवटच्या दुव्यापर्यंत जाणे आणि डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मंद करून फाँट उशिरा येऊ देणे. प्रत्येक वेळी कन्सोलमधला क्रमांक ० ते ८ च्या आत राहिला आणि स्लायडर चालू असताना दोन पावलांमधले अंतर कधीही पाच सेकंदांपेक्षा कमी झाले नाही.

देवघेव विभागातला तो टॅब आता सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडा असतो.